औषध न घातलेला खळगा

माझे बाबा, सत्यवान, चिखलाच्या तापावर मूळ देतात. चिखलाचा ताप म्हणजे लेप्टो. दोडामार्गातल्या आमच्या गावात लावणी आटोपली की तो येतोच. मुळाचं नाव बाबा कुणाला सांगत नाहीत. नाव सांगितलं की गुण जातो म्हणे.

मी रोज स्कूटरने गोव्यातल्या प्रयोगशाळेत जाते. तिथे नव्या औषधांची चाळणी चालते. प्लास्टिकच्या ताटलीत शहाण्णव खळगे, त्यात लेप्टोचे जंतू, प्रत्येक खळग्यात वेगळा पदार्थ. एका खळग्यात मात्र औषध घालायचंच नाही. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचं खरंखोटं करायचं. बहुतेक पदार्थ फुकट जातात, आणि याची सवय व्हावी लागते.

एकदा मी बाबांच्या बाटलीतला मुळाचा अर्क घातला आणि जंतू साफ मेले. मी हवेत. मग आमच्या पुण्याच्या मॅडमनी बाटली हुंगली आणि शांतपणे विचारलं, यात दारू आहे का? मूळ फेणीत मुरवलेलं होतं. वास मलाही आला होता, पण आमच्या घरातल्या कुठल्या बाटलीला तो नसतो? लाजेने मेले मी. पुन्हा तपासलं. नुसत्या फेणीने जंतू मेले. फेणी उडवून टाकलेल्या मुळात ते मजेत वाढले.

हे बाबांना सांगायचं कसं? न सांगून चालणार नव्हतं. शेजारच्या गुरुप्रसादला दोन दिवस ताप होता, डोळे लाल झाले होते, आणि सकाळी तो मुळासाठी येणार होता. लेप्टोत एकेक दिवस महाग पडतो.

संध्याकाळी पडवीत बसून मी सगळं सांगितलं. पोटात फेणी गेली म्हणून रक्तातले जंतू मरत नाहीत, हेही सांगितलं. ते चिडतील म्हणून मी तयारीत होते. ते चिडले नाहीत. इतके लोक बरे झाले ते कसे, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरेच जण आपोआप बरे होतात. मग त्यांनी त्या औषध न घातलेल्या खळग्याबद्दल पुन्हा खोदून विचारलं.

"माझ्याकडे तसो माणूस खंय गो?" ते म्हणाले. "जो इलो तेका दिलंय."

मग त्यांनी आत चुलीपाशी बसलेल्या आईकडे मान वळवली.

"एक आसा. तुझी आवस. तिका ताप इलो तेव्हा मी मूळ दिलंय नाय. गाडी केलंय नि सरळ म्हापश्याक हॉस्पिटलात गेलंय."

"कित्याक?" मी कारण विचारलं.

"घाबारलंय."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. इतकी वर्षं हे त्यांनी एकट्याने पोटात ठेवलं होतं. ते उठले, खुंटीवरचा सदरा काढला, आणि गुरुप्रसादला म्हापशाला न्यायला गाडीसाठी फोन लाव म्हणाले. सकाळी नेऊ या, असं आतून आई म्हणाली.

"आत्ताच," बाबा म्हणाले. "गुरुप्रसादय कोणाचो तरी आसाच मा."