उतरत्या मैदानावरचा फुटबॉल

माझ्यात आता हवा राहत नाही, मित्रांनो. चामडं भेगाळलं आहे, नाडी कुजली आहे. तरी मी एक जुना फुटबॉल आहे हे बघणाऱ्याला अजून कळतं, आणि तेवढ्यावर मी खूश आहे.

माझा जन्म दूर सियालकोटचा. तिथल्या कारागिराने चामड्याच्या पट्ट्या शिवून मला गोल केलं, पोटात रबरी फुगा घातला आणि तोंड नाडीने आवळलं. आगगाडीने गोंदियापर्यंत आणि पुढे बैलगाडीने मी कोहमाऱ्याजवळच्या एका गावात आलो. स्वराज्य यायला तेव्हा अवकाश होता. या गावच्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम म्हणजे तलाव बांधणं आणि त्याचं पाणी शेताशेतांत पोचवणं. उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच्या कोरड्या तळावर गावचा क्लब माझ्याशी खेळे. सगळे अनवाणी.

माझी काळजी वाही ती धुरपताबाई, कप्तान खेमराजची आई. संध्याकाळी ती मला मोहाच्या बियांचं तेल चोळी आणि चुलीपासून लांब, उंदीर पोचणार नाही अशा खुंटीवर टांगी. मग खेमराजचे गुडघे तपासी. माझ्यावर नवा ओरखडा दिसला की ती आधी त्याच्या पायांकडे बघे.

एका वर्षी नागपूरला मोठी स्पर्धा ठरली. कामठीच्या गोऱ्या पलटणी, कलकत्त्याचे क्लब आणि थेट समुद्रापलीकडून रंगूनचा एक संघ येणार होता. पण तिथे वाटेल त्याने उठून जायचं नव्हतं. जिल्ह्यातल्या क्लबांनी आधी आपसात खेळायचं. हरेल त्याने घरी बसायचं, आणि शेवटी उरेल त्या एकट्यानेच नागपूरला जायचं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. आमच्या जिल्ह्यात शेवटी दोनच क्लब उरले, गोंदियाचा रेल्वेचा आणि आमचा. गोंदियाला झालेला सामना बरोबरीत सुटला. आता दुसरा आमच्या गावात होणार होता. आम्ही मैदान दाखवू शकलो नाही, तर रेल्वेवाले न खेळताच पुढे जाणार होते.

आणि आमचं मैदान होतं पाण्याखाली! माघ महिना चालू होता. तलाव आटायला अजून कितीतरी अवकाश होता.

खेमराज आईसमोर येऊन बसला. त्याने मला मांडीवर धरलं होतं.

“माय, धान तं निघालं. आपल्या बांध्या मोकळ्या हायेत.”

“मंग?”

“मधातले धुरे फोडले तं मैदान होते.”

भाताच्या चौकोनी बांध्यांमध्ये मातीचे बांध असतात, त्यांना तिथे धुरे म्हणतात. धुरपताबाईने सासरी आल्यापासून दरसाल ते लिंपले होते.

“धुरे कायले फोडतं रे? तो का पोरायचा चिखलाचा खेळ हाये?”

“नाई फोडले तं सारी मेहनत वाया. इथंच संपलं नागपूर.”

तिने त्याच्या मांडीवरून मला उचलून घेतलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, “फोडा. पण दगडं वेचून काढा. तुमचे उघडे पाय हायेत.”

खेमराजचे वडील केवलराम यांनी सगळ्या गावाला कामाला लावलं. धुरे फोडले, खड्डे भरले, माती चोपली. बांबूचे खांब उभे राहिले आणि चुन्याच्या रेघा आखल्या. मैदान असं झालं की बघतच राहावं.

सामन्याला पंच होते भंडाऱ्याचे यादोराव मास्तर. त्यांनी मला मधोमध ठेवलं आणि शिट्टी तोंडाला लावली. ती वाजण्याआधीच मी हळूहळू दक्षिणेकडे निघालो! मास्तरांनी मला परत आणलं. मी परत निघालो.

चूक कोणाची ते सगळ्यांना कळलं. तलाव बांधणारे ते हात, जमीन सपाट करताना त्यांनी सवयीने पाण्याला वाट ठेवली होती.

“काऊन गा केवलराम,” कोणीतरी म्हणालं, “बॉल खेळाचा हाये का धान पिकवाचा हाये?”

केवलराम ओशाळून म्हणाले, “पाणी निघायले उतार नाई पायजे का?”

रेल्वेचा कप्तान टेकचंद पोट धरून हसला. “अरे भैया, ये मैदान है कि नहर?”

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मैदान नापास झालं असतं तर सगळं तिथेच आटोपलं असतं. खेमराजचा हात माझ्यावर घट्ट दाबलेला होता. मास्तरांनी टेकचंदकडे बघितलं.

टेकचंद म्हणाला, “खेलेंगे, मास्टरजी. आधे टाइम के बाद पाला तो बदलना ही है. उतार इनको भी मिलेगा, हमको भी.”

आधी उतार रेल्वेवाल्यांना मिळाला. त्यांच्या बुटांच्या लाथा खात मी धावत सुटलो आणि त्यांनी एक गोल केला. मग बाजू बदलल्या. आता उतार आमचा होता. खेमराजने लांबून मारलेल्या एका फटक्यावर बरोबरी झाली आणि पोरांना चेव चढला. जो तो मला जीव खाऊन मारू लागला. उतार आणि त्यात ती ताकद, मग काय, प्रत्येक वेळी मी खांबाबाहेरून शेवटची रेघ ओलांडून पार सुटायचो. वेळ सरत चालला.

धुरपताबाई कडेला उभी होती. लाज सोडून ती ओरडली, “अरे मारून काऊन राहिले? सोडा! पाण्यावानी सोडा!”

खेमराजने ते ऐकलं. पुढच्या वेळी मी त्याच्या पायाशी आलो, तेव्हा त्याने फटका मारलाच नाही. गोलाच्या रोखाने नाही, बाजूला उताराकडे त्याने मला नुसतं तिरकं ढकललं. रेल्वेचा गोलकीपर निर्धास्त होता, त्याला वाटलं मी वाटेतच थांबेन. मी थांबलो नाही. पाणी बांधीत शिरतं तसा मी वळत वळत आलो आणि त्याने झेप घेतली तोवर खांबाला आतून घासून गोलात गेलो.

लगेच सामना संपल्याची शिट्टी झाली. आम्ही नागपूरला जाणार होतो!

लोकांनी खेमराजला खांद्यावर घेतलं. मी धुळीत पडून होतो. धुरपताबाईने येऊन मला उचललं, पदराने पुसलं आणि उसवलेली शिवण बोटाने चाचपली. टेकचंद तिच्यापाशी येऊन म्हणाला, “माताजी, अगली बार आप हमारी तरफ से बोलना.” ती हसली. “तुम्ही आधी बूट काढा,” ती म्हणाली, “मंग पाहू.”

मित्रांनो, मला नागपूर दिसलं नाही. तिथल्या सामन्यांना तिथलेच नवे फुटबॉल होते. रंगूनच्या संघाने आमच्या पोरांना पहिल्याच दिवशी हरवलं, तरी ती गात गात परतली. मला त्याचं दुःख नाही. तुम्हाला सांगायचं आहे ते जाण्याआधीचं. खेळून झालं की माझ्यासारख्याला पुसून, सावलीत जागेवर ठेवा. आणि जिथे खेळलात ती जमीन कोणाची आहे, हेही मनात असू द्या. जिंकल्याच्या दुसऱ्या सकाळी तो सगळा क्लब फावडी आणि टोपल्या घेऊन शेतात उतरला. धुरपताबाईचे धुरे होते तसे उभे राहिले, आणि मगच त्यांनी नागपूरची गाडी धरली.