टायरमधलं खाणीचं पाणी

माझ्या नवऱ्याच्या, रेइनोच्या, डाव्या दंडाला, डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेवर, कान लावला की आत मोटर चालू असल्यासारखं घरघरतं.

लॉनच्या ट्रॅक्टरचे टायर गुळगुळीत असतात, गवत दुखावू नये म्हणून.

आमच्या त्या छोट्या ट्रॅक्टरला हिवाळ्यात पुढे बर्फ लोटायचं पातं लावतो; त्यावर एकाच माणसाची जागा आहे.

खाणीच्या पोटातलं पाणी इतकं खारट, की कडाक्यातही गोठत नाही.

मी कांगासच्या दुकानात टायरांपुढे उभी होते.

"दातांचे घेऊ नकोस, आइली," कांगास म्हणाला. "ते चिखलात चावतात, कडक बर्फावर मात्र घसरगुंडी खेळतात. मऊ रबराचे घे. वरून साखळ्या, आत बिटाचा रस, तो सहसा गोठत नाही. मागच्या चाकांवर वजन पाहिजे."

"बघू दे जरा."

"नवरा निवडताना एवढा वेळ घेतला होतास का?"

"तेव्हा दुकानात एकच नग होता."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "ते खाणीचं पाणी भरलेले टायर अजून आहेत?"

आहेत. रबराला भेगा पडल्यात. (ओढतात, हे मी त्याला सांगितलं नाही.)

रेइनोचे आजोबा, हेइक्की, तांब्याच्या खाणीत छत कोसळलं तेव्हा खालीच राहिले. पुढे पंप बंद झाले, पाणी चढलं. खाणीचं तोंड आमच्या घरामागे आहे, लोखंडी जाळीखाली, भोवती कुंपण. लोक टायरमध्ये वजनासाठी न गोठणारं काहीतरी भरतातच. रेइनोने त्या जाळीतून पाइप सोडला. "घरचंच आहे," म्हणाला.

त्याच्या किडन्या गेल्यावर स्टिअरिंग माझ्याकडे आलं. तेव्हापासून चढ संपला की ट्रॅक्टर डावीकडे ओढतो. जाळीकडे.

"माझ्या हातात कधी ओढला नाही," रेइनो म्हणाला.

"तू नातू. मी नातसून."

"मग परीक्षा चालू असेल तुझी."

घरापासून रस्त्यापर्यंत उतार आहे. तो साफ नसला तर त्याला डायलिसिसला नेणारी व्हॅन वर चढत नाही. खाली हॉर्न वाजवते, थांबते, निघून जाते. तेवढ्या बर्फातून चालत जाण्याचा दम रेइनोत उरलेला नाही.

मी कांगासचं ऐकलं. मऊ टायर, रिमसकट. साखळ्या. बिटाचा रस. जुनी चाकं सौनाच्या, आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला टेकवून ठेवली.

सकाळी ती जाळीच्या कुंपणाला टेकलेली होती. मधल्या बर्फावर चाकोरी नव्हती, पाऊलही नव्हतं.

मी ती परत आणली. रेइनोला बोलले नाही.

मग तळ्यावरून ढग आले आणि बर्फ पडतच राहिला.

नव्या टायरांनी अर्धा उतार साफ केला. वर परतताना चाकं जागच्या जागी फिरू लागली. साखळ्या बर्फ खरवडत होत्या, ट्रॅक्टर हलत नव्हता. खाली हॉर्न वाजला. मी हात हलवला, ओरडले. व्हॅन गेली.

संध्याकाळी रेइनोचे पाय सुजले. दालचिनीचा टोस्ट त्याने कॉफीत बुडवला आणि तसाच ठेवून दिला.

"उद्या येतो म्हणालेत," मी म्हटलं.

"आइली, जुने लाव."

"ओढतात रे ते."

"ओढू दे. कुठे नेतात बघ तरी."

उजाडताच जॅक लावला. जुनी चाकं हाताला कोमट लागली. ट्रॅक्टर सुरू केला आणि उतारावर तोंड वळवलं, तर स्टिअरिंग वळेना. मी जोर लावला. मग सोडून दिला.

पात्याने जाळीपर्यंत सरळ वाट काढली. मी एवढी सरळ कधी काढली नव्हती. कुंपणापाशी इंजिन आपोआप बंद पडलं. जाळीतून ऊबदार वाफ येत होती, तिच्याभोवती बर्फ वितळला होता. खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. जवळ आला. थांबला.

घरी कोणी आलं की आम्ही आधी कॉफी ओततो. खिशात थर्मास होता. कुंपणातून हात घालून मी जाळीत कॉफी ओतली.

"आजोबा," मी म्हटलं, "रेइनोला जायचंय."

कॉफी पाण्यावर पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही.

इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. उतार साफ झाला. वर येताना, जिथे काल अडकले होते तिथेच, चाकं पुन्हा घसरली. तेव्हा पाठीमागून कोणीतरी रेटा दिला. धक्का नव्हता तो. दोन तळहात, सीटच्या मागे, सवयीने लावलेले. श्वासही ऐकू आला. मी मागे पाहिलं नाही.

व्हॅन थेट दारापर्यंत आली.

"कोणते टायर लावलेस?" रेइनोला आत बसवताना ड्रायव्हरने विचारलं.

"जुनेच."

आता बर्फ पडला की आधी जाळीची वाट, मग उतार. कांगासचे टायर सौनामागे पडलेत, त्यांतला बिटाचा रस गोठलाय. थर्मास मी मोठा घेतला.

खाणीत हेइक्कींचं काम दगडांनी भरलेल्या गाड्या रुळावरून हाताने ढकलण्याचं होतं.