लिफ्टच्या खड्ड्यातला रुपया

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत छपराखालची एक पार्किंगची जागा रिकामी झाली आणि तिच्यावर दोघांनी हक्क सांगितला. एक अण्णासाहेब, चाकणच्या कारखान्यात आयुष्यभर माल तपासून निवृत्त झालेले. दुसऱ्या प्रभावतीबाई, विमा विकणाऱ्या. दोघांच्या गाड्या उन्हात सारख्याच भाजत होत्या.

सेक्रेटरी बुद्धरत्न म्हणाला, "छापा-काटा करू." अण्णासाहेबांनी छापा मागितला. बुद्धरत्नने लिफ्टसमोर रुपया उडवला. तो फरशीवर पडला, घरंगळला आणि दाराच्या फटीतून थेट खालच्या खड्ड्यात गेला.

मेकॅनिक संध्याकाळी येणार होता.

"तोवर दोघांचीही शक्यता पन्नास टक्के," बुद्धरत्न म्हणाला.

"कसले पन्नास?" अण्णासाहेब म्हणाले. "हजार नट तपासले की टक्केवारी निघते. एकट्या नटाला टक्के नसतात. नाणं पडलंय. आहे ते आहे."

"नाण्याचं ठरलंय हो, आपल्याला कुठं कळलंय?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "टक्के आपल्या अज्ञानाचे. त्यावर तर माझं घर चालतं."

"ते विम्यात."

"बरं. मग अदलाबदल करू. छापा मला, काटा तुम्हाला."

"का म्हणून?"

"टक्केच नाहीत, तर तुमचं काय बिघडतं?"

अण्णासाहेबांनी छापा मात्र सोडला नाही.

संध्याकाळी मेकॅनिक खड्ड्यात उतरला. आम्ही सगळे वरून वाकलो. "हात लावू नका, फक्त सांगा! छापा की काटा?"

"कुठल्याचं सांगू?" खालून आवाज आला. "एक रुपयाची पाच नाणी आहेत इथं. तीन छापे, दोन काटे."

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. "साठ टक्के माझे!"

"एकट्या नाण्याला टक्के नसतात ना?"

"आता पाच आहेत, बाई."

"चालेल. आठवड्याचे साठ टक्के दिवस तुमचे, बाकीचे माझे."

हिशेबात चार दिवस अण्णासाहेबांना गेले, दोन बाईंना, आणि रविवार मधेच लोंबकळला. तो दर आठवड्याला नाणं उडवून ठरतो. लिफ्टपासून लांब.

काल बुद्धरत्नने सहज विचारलं, "अण्णा, येत्या रविवारी तुमची शक्यता किती?"

"घाई नको," अण्णासाहेब गाडीची काच पुसत म्हणाले. "हजार रविवार होऊ द्या, मग सांगतो."

प्रभावतीबाई जाता जाता थांबल्या. "हजार रविवार म्हणजे एकोणीस वर्षं. अण्णासाहेब, तुमचं वय किती म्हणालात?"