नावेच्या बुडातली चकती

नावेच्या बुडाला मुद्दाम भोक पाडायची अक्कल सरकारशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार नाही, असं आमच्या गावाचं मत होतं. माझंही फार वेगळं नव्हतं. पण नाव माझी, म्हणून मी ते बोलून दाखवत नसे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी माझ्या नवऱ्याने ती यवतमाळच्या लिलावातून बैलगाडीवर घालून आणली होती. पुराच्या कामाची सरकारी नाव, सागवानी फळ्यांची, पैनगंगेवरच्या कुठल्याही डोंग्यापेक्षा रुंद. बुडाला बाहेरून एक पितळी चकती स्क्रूंनी बसवलेली, चकतीत भोक आणि भोकात आतून फिरवून बसवायचं आट्यांचं बूच. नाव काठावर ओढली की बूच काढायचं, आत साचलेलं पाणी खाली निघून जातं. सोय चांगली होती. लोक मात्र नावेत पाय ठेवताना आधी त्या बुचाकडे बघत आणि मग देवाचं नाव घेत.

नवरा तापाने गेला आणि घाट, म्हणजे माणसं नि माल पार नेण्याचा पंचायतीचा ठेका, मी चालवायला लागले. बाईच्या हातात वल्हं म्हणून कुजबुज झाली. ती मी ऐकली आणि नाव हाकत राहिले. पैनगंगा कुठे खोल, कुठे खडक, कुठे ओढ धरते, हे मला डोळे मिटून सांगता येतं. ही बढाई नाही. म्हणजे, थोडी आहेच.

एका वर्षी कापूस वेचणीला आला आणि नेमकं चकतीपाशी पाणी झिरपायला लागलं. फार नाही, पण दुसरा काठ गाठेपर्यंत फळ्या ओल्या व्हायच्या. माणसांच्या पायांना तेवढ्याने काही होत नाही. कापसाला होतं. वामनराव पाटलांचं शेत पैलतीरावर, त्यांचा सगळा कापूस माझ्या नावेतून इकडे यायचा आणि इथून गाड्यांनी दिग्रसला जायचा. ओला कापूस बाजारात कोण घेणार?

पाटील स्वतः घाटावर आले. फळीवर बोट फिरवून त्यांनी ते धोतराला पुसलं.

"मैनाबाई, उद्या माह्या कापसाची पयली खेप हाय. एक गाठोडं जरी भिजलं, तं घाट नानाजीकडे जाईन. पंचायत माह्यं आइकते, तुले माहीत हाय."

"नाई भिजनार, पाटील."

"येवढ्या भरवशानं काहून सांगून राह्यली?"

"नाव माही हाय, म्हनून."

बोलले खरी, पण फळ्या ओल्याच होत्या. नानाजी माझा चुलत दीर. त्याचे दोन डोंगे होते आणि माझ्या घाटावर त्याचा डोळा होता. घाट गेला असता तर मला त्याच्याच डोंग्यावर मजुरी करावी लागली असती, आणि त्यापेक्षा मी नदी पोहून गाव सोडलं असतं.

हबीब मिस्त्री त्या दिवशी सुट्टीवर गावात होता. दिग्रसला कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये तो बॉयलर सांभाळायचा. माझ्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. निरोप मिळताच पाना-पेचकस घेऊन हजर झाला. नाव काठावर ओंडक्यांवर चढवली. त्याने बूच काढलं, भोकाभोवती आतल्या बाजूने चामड्याचं जाड वायसर बसवलं आणि बूच असं आवळलं की पाना करकरला.

"भाभी, बॉयलरची वाफ माह्या हातून सुटत नाई, तं हे नदीचं पानी काय चीज हाय!"

मग त्याच्या पद्धतीने परीक्षा. आम्ही नावेत घागरीवर घागरी ओतल्या आणि तो खाली वाकून बघत बसला. एक थेंब गळला नाही. हबीबने मिशीवरून हात फिरवला. मीही खूश झाले. पाणी उपसून नाव नदीत लोटली आणि आत बसले, तर बुचाभोवती पाणी परत हजर.

नानाजी काठावरच उभा होता. "वयनी, डोंगा पाह्यजे असन तं सांग जो. आपलाच हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला उत्तर दिलं असतं तर नदीला पूर आला असता, म्हणून मी तोंड फिरवलं आणि बुचापाशी उकिडवी बसले. चामड्यावर बोट ठेवलं. ते कडेने फुगलं होतं, तव्यावरच्या भाकरीसारखं. खालून काहीतरी त्याला उचलत होतं.

"हबीबभाऊ, तुमच्या बॉयलरात वाफ कुठं असते?"

"आतमंदी."

"अन् मंग कुठं जायले पाह्यते?"

"बाहेर."

"माह्यं पानी बाहेर हाय, अन् ते आत यायले पाह्यते. आपुन दार उलट्या अंगानं लावलं. घागरी ओतल्या तं त्यायनं चामडं दाबूनच धरलं."

हबीबने वाकून फुगलेलं चामडं बोटाने दाबून पाहिलं. मग कपाळावर हात मारून असा हसला की नाव हलली. "या अल्ला! जिंदगीभर आतूनच दाबत आलो, भाभी. नदीले मी बॉयलर समजलो!"

मलाही हसू आवरेना. घाट जायच्या बेतात होता आणि आम्ही दोघं नावेत बसून डोळे पुसत होतो.

नाव परत वर घेतली. चकतीचे स्क्रू काढले, तर चकती आणि फळीमधलं जुनं सारण भुगा होऊन गेलेलं. डोंग्याच्या फटी बुजवायला आम्ही राळ वापरतो. ती मी जवसाच्या तेलात कढईभर वितळवली. हबीबने जिनिंगचा साफ कापूस वळून त्याची वात केली, राळेत बुडवली आणि चकतीच्या मागे वेटोळं घालून बसवली. स्क्रूंच्या सैल भोकांत बाभळीच्या चिपा ठोकल्या. मग तो नावेखाली उताणा झोपला आणि स्क्रू आवळायला लागला, एक इकडचा की लगेच समोरचा, थोडा थोडा, म्हणजे चकती कुठेच तिरकी बसू नये. ते काम त्यानेच करावं. कडेने राळ सारखी बाहेर आली, तेव्हा मला कळलं की बसली.

हबीब सवयीने घागर उचलायला गेला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने ती गुपचूप खाली ठेवली, आणि राळ थंड होताच आम्ही नाव सरळ नदीत लोटली.

दुसऱ्या दिवशी पैलतीरावर पाटलांनी मुद्दामच पहिलं गाठोडं बुचावर ठेवलं आणि त्याला टेकून बसले. मीही मुद्दाम घाई केली नाही. नावेवर ओझं काठोकाठ होतं, पाणी खालून जोर लावत होतं, आणि मी माझ्या नेहमीच्या चालीने वल्हं मारत राहिले. ऐलतीरावर नानाजी आणि निम्मं गाव जमलेलं होतं.

नाव टेकली. पाटलांनी गाठोडं बाजूला सारलं, हात खाली घालून बुचाभोवती चांगला फिरवला आणि पंजा उन्हात धरला. पंजा धुळीने माखला होता.

"नावीत धूळ लय झाली, मैनाबाई," ते म्हणाले. "झाडत जाय."

माझ्या संसाराला कुणी घाण म्हटलं आणि मला इतका आनंद झाला, असं आधी कधी झालं नव्हतं. "हो पाटील," मी म्हटलं आणि दुसऱ्या खेपेसाठी नाव लोटली. ती धूळ मी कापसाचा हंगाम संपेपर्यंत झाडली नाही.