निळीला सवलत

बोटी तपासणाऱ्या साहेबांचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला दोन दिवस हसून बोलला, की तिसऱ्या दिवशी ते दुधाची चव स्वतः घेऊन बघत. बायको म्हणे, "मी पहिल्यांदा चहा करून दिला, तेव्हाही ह्यांनी आधी वास घेतला होता." त्यात खोटं काही नव्हतं.

वादळ आलं आणि खाडीवरचा पूल घेऊन गेलं. धक्क्याजवळचा उतारही खचला. त्या उतारावरून बोटी पाण्याबाहेर ओढायच्या आणि साहेबांनी तळाची एकेक फळी हातोडीने ठोकून बघायची, अशी रीत होती. उतारच नाही म्हटल्यावर तपासणार कसं? साहेबांनी वरून मंजुरी आणवली आणि आपल्या सहीने आदेश काढला : तपासणीची मुदत भरत आलेल्या सगळ्या बोटींना तीन महिन्यांची सवलत. पूल नसल्यामुळे बोटींना भलतीच मागणी आली होती. बोटवाल्यांनी साहेबांना डोक्यावर घेतलं.

पिवळ्या बोटीचा तांडेल मात्र दुसऱ्याच दिवशी कचेरीत येऊन उभा राहिला.

"साहेब, माझी बोट तपासा."

"अरे, सवलत दिलीय की!"

"मला नको ती. वादळात बोट धक्क्यावर आपटलीय. ओहोटीला गाळावर बसवतो, तुम्ही हातोडी घेऊन या."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. तपासणी टाळायला लोक मेलेल्या आजीला पुन्हा आजारी पाडतात, आणि हा गडी आपणहून मान पुढे करतोय? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. सहीचा कागद हातात पडला की हा खुशाल बोट बुडवेल आणि विमा उचलेल. "बघू नंतर," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. पण तो रोज यायला लागला. त्याच्या रोज येण्याने संशय आणखी वाढला.

कचेरीच्या खिडकीतून धक्का दिसायचा. पिवळी अर्धी रिकामीच सुटायची. तांडेल लोकांना चक्क परत पाठवायचा. शेजारी एका शेठची निळी बोट, नुकताच रंग दिलेली, काठोकाठ भरून जायची. शेठ स्वतः हात देऊन म्हाताऱ्यांना चढवायचा. हातचं गिऱ्हाईक कोण सोडतं? पिवळीच्या रिकाम्या बाकांखाली काहीतरी लपवून नेत असणार, अशी साहेबांची खात्रीच झाली.

त्यांची लेक पलीकडच्या इस्पितळात कामाला होती. पूल गेल्यापासून तिच्या येण्याजाण्याची त्यांना धास्ती वाटायची. ती घरी येईपर्यंत त्यांना घास उतरत नसे.

"पिवळीत पाय ठेवायचा नाही," त्यांनी तिला बजावलं. "निळीनंच जायचं."

"बाबा, निळीत उभं राहायला जागा नसते हो."

"लोकांचा विश्वास आहे म्हणून गर्दी असते. मला शिकवू नकोस."

शेवटी एका सकाळी ओहोटी साधून ते न सांगता धक्क्यावर गेले. चोराला मुद्देमालासकट पकडायचं होतं. "बसव गाळावर. आत्ता!"

तांडेलाचा चेहरा खुलला. बोट गाळावर टेकली. साहेबांनी बाकांखाली हात घातला, फळ्या उचलून पाहिल्या. एक दोरखंड आणि एक बादली, बस्स. मग गुडघाभर गाळात उभं राहून ते तळ ठोकत गेले. फळ्या खणखणीत वाजत होत्या. धक्क्याकडच्या बाजूला मात्र एक फळी भद्द वाजली. पुन्हा ठोकली, तर हातोडी रुतली.

"हीच भीती होती," तांडेल म्हणाला. "तळ बघितला नव्हता, म्हणून अर्धीच माणसं घेत होतो. आता फळी बदलेपर्यंत एकही नाही."

साहेबांना मनापासून लाज वाटली.

"निळी कुठे होती त्या रात्री?"

"माझ्या शेजारीच बांधलेली. दोन्ही सारख्याच आपटत होत्या, साहेब."

निळी तेव्हा पलीकडच्या काठाला होती; भरती चढून ती परतेपर्यंत दुपार झाली. निळी सुटायच्या बेतात होती आणि पिवळीची माणसंही आता तिच्यातच चढत होती. साहेब चिखलाच्या पायांनी धावत गेले.

"शेठ, माणसं उतरवा. ओहोटीला बोट गाळावर घ्या."

शेठ तोंडभर हसला. "आम्हाला सवलत आहे ना, साहेब. तुमच्याच सहीची."

आदेश रद्द करायचा तर पुन्हा वरूनच मंजुरी यायला हवी होती. "बोट आतून फुटली असेल!" साहेब लोकांकडे वळून ओरडले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण प्रत्येकाला पलीकडे काम होतं, आणि सवलत दिली होती ती ह्याच साहेबांनी. कोणी हललं नाही.

तेवढ्यात गर्दीच्या मधोमध त्यांना लेक दिसली. डबा छातीशी धरून कशीबशी उभी होती.

"उतर."

"अहो बाबा, तुम्हीच तर म्हणालात, निळीनंच—"

"उतर म्हणतो ना!"

ती उतरली. साहेबांनी तिचा दंड घट्ट धरला.

तिच्या जागेवर शेठने दोघांना चढवलं. त्यातली म्हातारी सावरून उभी राहिली आणि साहेबांकडे बघून म्हणाली, "बरं झालं हो, तुमच्यामुळे जागा झाली."