बापाचा आजोबा केला

भोंगा लहान असताना बापाने तिचा लाल चेंडू कात्रीने मधोमध कापला. चेंडू खिडकीतून येऊन नव्याकोऱ्या सोफ्यावर बसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. बाप सोफे शिवायचा. ती इतकी रडली, की बापाने तिचं नावच भोंगा पाडलं. तुकडेसुद्धा परत दिले नाहीत. एकात खिळे ठेवले, दुसऱ्यात टाचण्या.

भोंगा मोठी होऊन लहान मुलांची पुस्तकं लिहायला लागली आणि सूड घ्यायची सोय झाली. खडूस म्हातारा रंगवला असता, तर बाप गल्लीभर मिरवला असता. म्हणून तिने त्याला प्रेमळ करून टाकलं. पुस्तकातले आजोबा सोफे शिवायचे, मांडीवर मांजर घेऊन बसायचे आणि आत आलेला प्रत्येक चेंडू पुसून, त्याचा पापा घेऊन परत द्यायचे. वर एक गोष्ट फुकट. चित्रकाराला तिने बापाचा फोटो दिला, दुकानाच्या पाटीसकट.

पुस्तक बाजारात आलं आणि दुकानात चेंडूंचा पाऊस सुरू झाला.

"काय पाहिजे?" बाप खेकसला.

"पापा घ्या ना चेंडूचा," एक चष्मेवाली पोरगी म्हणाली.

"कापून टाकीन!"

"खोटं खोटं रागावतात," तिने मागच्या पोरांना धीर दिला आणि बापाच्या मांडीवर मांजर ठेवलं.

बापाने शिंकत शिंकत फोन लावला. "भोंगे, हे तुझंच काम!"

"अहो बाबा, कौतुकच केलंय की तुमचं," ती म्हणाली आणि फोन ठेवून घरभर नाचली.

मग बापाचे फोन बंद झाले. ही शांतता काही बरी नव्हे, म्हणून ती दुकानात गेली. बाप पोरांच्या गराड्यात बसला होता. मांजर मांडीवर घोरत होतं.

"आणि मग आली भोंगा राक्षसीण!" बाप सांगत होता. "नाकाला शेंबूड, तोंडाचा कर्णा!"

पोरं हसून लोळत होती. भोंगाचं पुस्तक एका डुगडुगत्या सोफ्याच्या पायाखाली होतं.

"तुमच्या पुस्तकातले आजोबा मिळमिळीत आहेत," चष्मेवाली तिला म्हणाली. "आमचे बघा."

बाप मिशीत हसला. भोंगाच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझा चेंडू द्या," ती म्हणाली.

"कुठला?"

"लाल."

सगळी पोरं बापाकडे बघायला लागली. आजोबा चेंडू परत देतात, हे त्यांना पाठ होतं. बापाने मुकाट्याने खिळे, टाचण्या ओतल्या, दाभण घेतलं आणि दोन्ही तुकडे शिवले.

"पापा!" पोरं ओरडली. बापाने गंजक्या चेंडूचा पापा घेतला.

"आणि गोष्ट?"

बापाने दोरा दाताने तोडला. "एका म्हाताऱ्याने पोरीचा चेंडू कापला. कापायला नको होता. संपली."

"एवढीशीच?" चष्मेवाली कुरकुरली.

आता बापाच्या गळ्यात पडावं, असं भोंगाला वाटलं. पण तिने स्वतःला सावरलं. ती बाहेर गेली, नेम धरला, आणि खिडकीतून तो गंजका चेंडू आतल्या पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर बरोबर मधोमध हाणला.

मग कर्ण्यासारख्या आवाजात ओरडली, "आजोबा, चेंडू!"

आतून कात्रीचा आवाज आला.