परदेशी पाहुणे आणि घर नंबर चौदा

दिल्लीत एशियाड झालं आणि त्याचा ताप निपाणीकडच्या आमच्या गावाला पुढच्या वर्षी चढला. तुर्कस्तानचे तीन पैलवान आमच्याकडे कुस्त्या खेळायला येणार असं ठरलं. मी तेव्हा म्युनिसिपालटीत कारकून होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं, हे माझं दुर्दैव.

मैदानाला लागूनच एक वस्ती होती. एक्केचाळीस घरं, काही पत्र्याची, काही कुडाची. बायका तंबाखूच्या वखारीत कामाला, पुरुष तिथंच हमालीला. परदेशी पाहुण्यांच्या नजरेला हे पडू नये म्हणून आठ दिवसांत जागा मोकळी करण्याच्या नोटिसा लिहायला चीफ ऑफिसर साहेबांनी मला बसवलं. कुस्त्या दहा दिवसांवर आल्या होत्या.

त्यातलं चौदा नंबरचं घर माझ्या आईचं, तानीबाईचं. म्हणजे माझंही. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, कारण नोकरीला लागताना मी पत्ता मारुती गल्लीचा दिला होता. तिथं माझा एक मित्र राहायचा. वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी शाळेपासून बघत आलो होतो आणि पुन्हा बघायची माझी छाती नव्हती. सहा वर्षं मी रोज संध्याकाळी ऑफिसातल्या लोकांबरोबर मारुती गल्लीपर्यंत चालत जायचो, मित्राच्या दारात शिरायचो आणि सगळे पुढे गेले की मागच्या दारानं घरी पळायचो. उशीर का झाला असं आईनं विचारलं, की साहेबानं काम दिलं म्हणून सांगायचो.

नोटिसा कानडीत होत्या. एका दुपारी सगळ्या लिहून झाल्या. कानडी मी नोकरीसाठी शिकलेलो, त्यामुळे लिहिताना नुसता हात चालायचा, अर्थ आत पोचायचा नाही. शिपाई नेमका रजेवर, म्हणून वाटायलाही मीच गेलो. आईनं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. मराठी अक्षरांच्या डोक्यावर रेघ असते, कानडीच्या नसते.

“ह्येला वर रेघ न्हाय रं,” ती म्हणाली. “रेघंचा कागद आण.”

आमचा भाग कर्नाटकात, पण बोली मराठी, त्यामुळे इथं हा रिवाजच आहे. सरकारी कागद कानडीत आला, की ‘मराठी प्रत मिळावी’ म्हणून परत पाठवायचा. मग तो जप्तीचा असो नाहीतर बक्षिसाचा. एक्केचाळीस घरांनी एक्केचाळीस नोटिसा परत केल्या.

“भाषांतर कर. आजच्या आज,” साहेब म्हणाले.

मी बसलो. ‘श्रीमती तानीबाई, आपण सदर जागेत बेकायदेशीररीत्या राहत असून’ इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. त्याच जागेत त्या बाईनं मला जन्म दिला होता. वखारीतून तंबाखूच्या वासानं भरलेल्या लुगड्यात घरी येऊन तिथंच मला मॅट्रिकपर्यंत पोचवलं होतं. आणि मी तिला बेकायदेशीर म्हणत होतो, तेही वळणदार अक्षरात. माझी मलाच शरम वाटली. मग चार दिवस मी निब मोडलं, शाई सांडली, अंगठा सुजवून घेतला. साहेब कॅलेंडरपुढं उभे राहून दिवस मोजत राहिले. आठ दिवसांची मुदत आता कशीच बसेना.

तेव्हा वस्ती पाडण्याऐवजी झाकायचं ठरलं. तवनाप्पा व्यापाऱ्यांनी तंबाखू बांधायची शे-दोनशे तरटं फुकट दिली. ती शिवून वस्तीपुढं हा एवढा पडदा टांगला. तरटं झाडून घ्यावीत असं गावात एकाच्याही मनात आलं नाही. आमच्या नाकांना तो वास म्हणजे हवाच.

कुस्त्यांच्या दिवशी वस्तीनं पाच वाजेपर्यंत बाहेर पडायचं नाही असा हुकूम निघाला. पडद्यापाशी राखणीला उभा कोण, तर मी. आपल्याच आईला कोंडून तिच्यावर पहारा करायचा. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरी मी उभा राहिलो.

चारच्या सुमाराला वारा सुटला आणि तरटांतली तंबाखूची भुकटी मैदानभर उडाली. पहिली शिंक बाहेरगावच्या बँडवाल्यानं पिपाणीत दिली. मग स्टेजवर आमदार, त्यांच्या शेजारी साहेब, मग सगळे पाहुणे. आखाड्यात आमचा मष्णू आणि तुर्की पैलवान भिडलेले. मष्णू रोज वखारीत ओझी वाहणारा, त्याला काय होणार? तुर्काला सलग तीन शिंका आल्या आणि तिसरीला तो चितपट झाला. गाव नाचायला लागलं. पडद्यामागं बायका पोट धरून हसत होत्या.

पाहुण्यांचा म्होरक्या नाकाला रुमाल लावून पडद्याकडे आला. मागं कोण राहतं, असं त्यानं इंग्रजीत विचारलं.

“नो वन, सर. टोबॅको स्टोअर,” साहेब शिंकत म्हणाले.

त्या ‘नो वन’मध्ये माझी आई होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “आय लिव्ह, सर. विथ मदर.”

म्होरक्यानं माझा हात धरला, काहीतरी बोलणार तेवढ्यात त्याला शिंक आली आणि ते राहिलंच.

“अरे, तू मारुती गल्लीत राहतोस ना?” साहेब म्हणाले.

“तो पत्ता खोटा आहे, साहेब. सहा वर्षं खोटाच आहे. मी इथं राहतो, चौदा नंबरात.”

पडद्यामागचं हसू थांबलं. तरटाची कड वर झाली आणि आईनं डोकं बाहेर काढलं.

“म्हंजी कामासाठी थांबवून घेत न्हवतं व्हय हे?” ती साहेबांकडं बघून म्हणाली. “आनि म्या सहा वर्सं रोज ह्या मानसाला शिव्या घातल्या!”

साहेब रुमालात तोंड खुपसून पुन्हा शिंकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नोकरीच्या कागदांत पत्ता दुरुस्त केला. सही झाली, शिक्का बसला. ऑफिसनंच चौदा नंबर कबूल केल्यावर त्याला बेकायदेशीर कसं म्हणायचं, या पेचात नोटिसा कपाटात पडल्या त्या पडल्याच. मी पेढे घेऊन सरळ रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत घरी गेलो.

आईनं पुडा हातात घेतला नाही.

“त्येनी घर पाडलं असतं, तर म्या परत बांधलं असतं रं,” ती म्हणाली. “तू तर कवाच सोडून गेलतास.”